काटा, गाठ आणि कोंबडी

रिपोर्ट तुमच्या हातात आहे. ताप उतरलाय, पण अंगात अजून कणकण आहे. कोपऱ्यावरच्या लॅबमधल्या मुलीनं घडी घालून दिलेल्या कागदावर ‘डिफरन्शियल काउंट’च्या खाली पाच ओळी आहेत: न्यूट्रोफिल ६१, लिम्फोसाइट ३०, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ४, बेसोफिल ०. बेरीज शंभर. समोर कुठेही तारांकित खूण नाही, म्हणजे सगळं ठीक असावं. पण ही मंडळी आहेत कोण?

शाळेत सांगितलं होतं की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. ही उपमा मला कधीच फारशी उपयोगाची वाटली नाही. सैन्यातल्या हुद्द्यावरून कामाचा अंदाज तरी येतो. इथे एकाचं नाव रंगावरून पडलंय आणि एकाचं चक्क कोंबडीच्या शेपटीखालच्या पिशवीवरून. तेव्हा व्याख्या पाठ करू नका. जिथे ही नावं पडली तिथेच जाऊ. रिपोर्ट खिशात राहू द्या, लागेल.

पहिला मुक्काम बर्लिन, १८७९. शारिते रुग्णालयातल्या एका टेबलाशी तुम्ही उभे आहात. टेबलावर जागा म्हणून नाही, नुसत्या बाटल्या. पंचविशीतला एक डॉक्टर, पाउल एर्लिख, रंगात बरबटलेल्या बोटांनी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पातळ पसरतो, सुकवतो, तापवतो आणि वर रंग ओततो. हे रंग खरे तर कापड रंगवायचे, दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले. पेशी रंगवायला ते वापरायचे हा त्याचा नाद. तो तुम्हाला सूक्ष्मदर्शकाशी बसवतो. लाल पेशींची नुसती रास दिसते. पाचसहाशे लाल पेशी ओलांडाव्यात तेव्हा कुठे एखादी पांढरी सापडते, आणि तिच्या पोटात दाणे.

आता गंमत बघा. काही पेशींचे दाणे इओसिन नावाचा तांबूस रंग अधाशासारखा पितात. इओसिनला हे नाव ग्रीकांच्या ईऑसवरून मिळालं. ईऑस म्हणजे त्यांची पहाटेची देवता. आपल्या उषेची आणि तिची व्युत्पत्ती एकच. ‘फिल’ म्हणजे आवड असणारा. तर तुमच्या रिपोर्टातला इओसिनोफिल म्हणजे शब्दशः उषाप्रेमी. अल्कधर्मी रंग धरणारा तो बेसोफिल. दोन्ही टोकांना न जाता मधला फिकट रंग घेणारा तो न्यूट्रोफिल. पाचांतली तीन नावं इथेच लागली, आणि तिन्हींत कामाबद्दल अवाक्षर नाही. पोटात दाणे गच्च भरलेली आणखी एक पेशी एर्लिखला ऊतींत दिसली. ती खाऊनपिऊन सुटली आहे असं समजून त्यानं तिला पुष्ट पेशी या अर्थाचं ‘मास्ट’ नाव दिलं. तिनं काही खाल्लेलं नव्हतं. ते दाणे तिनं स्वतः बनवलेले होते. त्यांत हिस्टामिन असतं. ॲलर्जीनं तुमच्या अंगावर गांध्या उठतात, धुळीनं शिंका येतात, त्या तिच्याच कृपेनं. नाव मात्र चुकीचं ते चुकीचंच राहिलं.

दाणे म्हणजे साठा, एवढं लक्षात ठेवा. इओसिनोफिल आपल्या दाण्यांतली जहाल प्रथिनं जंतांवर ओततो. म्हणून पोटात जंत झाले किंवा ॲलर्जी बळावली की रिपोर्टात तो चारावरून वर सरकतो. पण हे एर्लिखला सांगायचा मोह आवरा. त्याला रंग समजलाय, काम अजून कोणालाच समजलेलं नाही.

त्यासाठी सिसिलीत जायचं. डिसेंबर १८८२, मेसिना, खिडकीतून सामुद्रधुनी दिसतेय. घर अगदी शांत आहे, कारण बाकीची सगळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आहेत. एक दाढीवाला रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेवढा मागे राहिलाय. इल्या मेच्निकोव्ह. ओडेसाच्या विद्यापीठातली नोकरी सोडून बायको आणि तिच्या भावंडांसह इथे आलाय. समोर समुद्रताऱ्याचं पिल्लू, काचेसारखं पारदर्शक, आणि त्याच्या आत इकडून तिकडे हिंडणाऱ्या पेशी. या पेशी अन्न पचवत असाव्यात असं त्याचं आजवरचं मत. आज मात्र तो एकदम उठतो, खोलीत येरझाऱ्या घालतो, समुद्राकाठी जाऊन येतो. आपल्या पायात काटा रुतला की भोवती पू जमतो. मग याच्या अंगात काटा टोचला तर?

तो बागेत जातो. तुम्हीही जा. मुलांसाठी नाताळचं झाड म्हणून सजवलेलं संत्र्याच्या जातीचं एक रोप तिथे आहे. तिथून आणलेले गुलाबाचे काटे तो त्या पिल्लाच्या कातडीखाली सरकवतो. त्या रात्री त्याला झोप नाही. उजाडताच काचेखाली बघा: काट्याला पेशींनी चहूबाजूंनी वेढलंय. या प्राण्याला रक्तवाहिन्या नाहीत, मेंदू नाही. हुकूम कोण देणार? तरी पेशी आल्या, स्वतः चालत आल्या. माझ्या मते या सबंध विषयात नवख्या माणसानं एकच दृश्य डोळ्यांसमोर ठेवायचं असेल तर हे. रोगाशी झगडा हा रक्तातल्या कुठल्या गूढ सत्त्वाचा नसून जिवंत, हलणाऱ्या, खाणाऱ्या पेशींचा आहे, हे इथे पहिल्यांदा दिसलं. खाणाऱ्या पेशी म्हणून ‘फॅगोसाइट’ हे नाव पुढच्या वर्षी व्हिएन्नात ठरलं.

रिपोर्ट काढा. ६१ न्यूट्रोफिल हे त्यांतले धाकटे खादाड. तुमची अस्थिमज्जा ते दिवसाला सुमारे दहा हजार कोटी तयार करते आणि रक्तात ते जेमतेम दिवसभर टिकतात. जखम झाली की पहिले पोचतात, गिळतात, मरतात. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. आणि ५ मोनोसाइट? ते रक्तात असतात तोवर मोनोसाइट. भिंत ओलांडून ऊतीत शिरले की मोठे होतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे थोरले खादाड, म्हणवतात. लग्नानंतर नाव बदलावं तसं. पुस्तकात ही दोन नावं वेगवेगळ्या पानांवर असतात, आणि नवशिक्याचा निम्मा गोंधळ तिथेच होतो.

मेच्निकोव्ह आणि एर्लिख यांना १९०८चं नोबेल विभागून मिळालं. त्याच वर्षी २८ डिसेंबरला भूकंपानं मेसिना शहर जमीनदोस्त झालं.

आता घराजवळ. ओडेसात मेच्निकोव्हचा एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात हाफकिन इथे दाखल झाला. तुम्ही ग्रँट मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात आहात. छोटीशी जागा, एक कारकून, तीन शिपाई. बाटल्यांत मांसाचा रस्सा, वर तुपाचे थेंब. तुम्ही नीट वाकून बघा: तुपाच्या थेंबाखाली जंतू लोंबत्या झुंबरासारखे वाढलेत. बाटली हलवली की झुंबर तळाशी, आणि वर पुन्हा नवं. पुरेसे जमले की उष्णतेनं मारायचे. १० जानेवारी १८९७ला हाफकिननं असल्या रसाचे दहा घनसेंटिमीटर स्वतःला टोचून घेतले. ताप चढला, वेदना झाल्या, आणि तो बरा झाला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना हीच लस टोचली गेली. दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले याच आजारानं जातील. तुम्हाला ते माहीत आहे, इथे कोणाला नाही.

बाहेर लोक या आजाराला काय म्हणतात ते ऐका: गाठीचा ताप. जांघेत, काखेत गाठ. गावाकडे पायाला जखम चिघळून जांघेत गाठ आली की ‘अवधाण आलं’ म्हणतात. तो शब्द ज्यांनी केला त्यांना लसिका ग्रंथी ठाऊक नव्हत्या, पण पायाच्या जखमेची दाद जांघेत लागते हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. प्लेगचा जंतू मोठा लबाड. पिसू चावल्यावर तो मॅक्रोफेजकडून गिळला जातो, पण पचत नाही; त्याच्याच पोटात बसून गाठीपर्यंत जातो. मेच्निकोव्हच्या खादाडांना असं वाहतूकदारही करून घेता येतं.

बाही वर करा आणि तुम्हीही टोचून घ्या. जंतू मेलेले आहेत, तरी काखेत ठणका लागेल. त्या गाठीत काय चाललंय हे हाफकिनला माहीत नाही. लस बनवता आली, पण ती कुठल्या पेशींच्या जोरावर चालते हे कळायला साठएक वर्षं जायची होती. आणि कळलं कसं, तर अपघातानं.

कोलंबस शहर, ओहायो स्टेट विद्यापीठ, १९५४, कोंबड्यांचं खुराडं. वास सहन करा. ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्यानं पूर्वी एका हंसाच्या विच्छेदनात शेपटीखाली, विष्ठामार्गाच्या वरच्या अंगाला, एक पिशवी पाहिली आणि प्राध्यापकांना विचारलं, ही कशासाठी? प्रश्न चांगला आहे, उत्तर तूच शोध, असं ते म्हणाले. पडुआच्या फाब्रिसियसनं त्या पिशवीचं केलेलं वर्णन १६२१मध्ये छापलं गेलं होतं. तेव्हापासून तिचं काम कोणाला सांगता आलेलं नव्हतं. ग्लिकनं पिल्लांच्या पिशव्या काढून टाकल्या. पिल्लं वाढली, काही बिघडलं नाही. प्रयोग फसला.

मग टिमोथी चँग हा त्याचा सहाध्यायी आला. त्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचं होतं: कोंबडीला साल्मोनेला टोचायचा आणि काही दिवसांनी तिच्या रक्तजलात जंतूंच्या गुठळ्या होतात, म्हणजे प्रतिपिंडं तयार झाली, हे दाखवायचं. कोंबड्या कमी पडल्या म्हणून त्यानं ग्लिकच्या उसन्या घेतल्या. तुम्ही वर्गात मागच्या बाकावर आहात. चँग थेंब मिसळतो. गुठळ्या होत नाहीत. तो पुन्हा करतो. नाही. फजितीनं त्याचे कान लाल होत असतील, पण ज्या कोंबड्यांची पिशवी काढलेली, त्याच नापास होतायत हे दोघांच्या ध्यानात येतं. ‘सायन्स’ या नियतकालिकानं त्यांचा निबंध परत पाठवला. १९५६मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला आणि वैद्यकाच्या लोकांनी बरीच वर्षं वाचलाच नाही. त्या पिशवीला लॅटिनमध्ये ‘बुर्सा’ म्हणतात. तिथे घडणाऱ्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-सेलचा ‘बी’ तो हाच. आपल्यात पिशवी नाही. आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेत घडतात, आणि इंग्रजीत तिचंही आद्याक्षर बी निघालं हा निव्वळ योग.

बी-पेशी जंतू पाहून प्रतिपिंडाचं माप घेत नाही, हे इथंच सांगून टाकतो. दादरच्या तयार कपड्यांच्या दुकानासारखं आहे ते: असंख्य मापांचे सदरे आधीच शिवून टांगलेले, प्रत्येक पेशीपाशी एकच माप. जंतू आला की जिचं माप त्याला बसेल ती पेशी निवडली जाते आणि तिच्या मग हजारो प्रती निघतात. काखेतल्या गाठीचा ठणका म्हणजे ही भाऊगर्दी.

लंडनला उभ्या उभ्या जाऊन येऊ. १९६१, झाक मिलर नवजात उंदरांच्या छातीतली थायमस ग्रंथी काढतो. उंदीर खंगतात आणि परक्या उंदराची कातडी विनातक्रार स्वीकारतात. टी-पेशींचा ‘टी’ थायमसचा. त्या ग्रंथीत शिकाऊ पेशी शिरतात शंभर आणि बाहेर पडतात दोनचार. जी स्वतःच्या शरीरावरच उठेल किंवा जिला काहीच ओळखता येणार नाही ती तिथेच मरते. थेट एमपीएससीच्या निकालाची आठवण. उत्तीर्ण झालेल्यांपैकी काही विषाणूनं पछाडलेल्या पेशींना मारतात, काही बी-पेशींना पुढे व्हा म्हणून सांगतात.

शेवटचा मुक्काम न्यूयॉर्क, १९७३. उंदराच्या प्लीहेतून काढलेल्या पेशींत राल्फ स्टाइनमनला एक झाडासारखी फांद्या फुटलेली पेशी दिसते. बायकोच्या नावावरून तिला ‘क्लॉडियासाइट’ म्हणावं असा त्याच्या मनात गमतीनं विचार आला होता. शेवटी डेंड्रायटिक ठरलं, ग्रीकमध्ये झाडावरून. कातडीखाली जंतूचा तुकडा उचलायचा, तो घेऊन गाठीत चालत जायचं आणि तिथे टी-पेशींना दाखवायचा, हे तिचं काम. ग्रँट मेडिकलच्या व्हरांड्यात तुमच्या दंडातून काखेकडे गेला तो निरोप हिनंच नेला होता. स्टाइनमनला २०११चं नोबेल ३ ऑक्टोबरला जाहीर झालं. ३० सप्टेंबरला तो गेला होता.

परत या. कागद अजून तुमच्या हातातच आहे. ‘लिम्फोसाइट ३०’ या एका ओळीत बी आणि टी दोन्ही कोंबलेल्या आहेत, कारण साध्या रंगात दोघी सारख्याच दिसतात. डेंड्रायटिकला ओळच नाही. आणि ज्या लिम्फोसाइट मोजल्या, त्या तरी किती? तुमच्या शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी कुठल्याही क्षणी रक्तात असतात त्या शंभरातल्या जेमतेम दोन. बाकीच्या गाठींत, प्लीहेत, आतड्याच्या भिंतीत बसलेल्या असतात, आणि तिथे लॅबवाल्या मुलीची सुई पोचत नाही.