थोरल्या भावाची तक्रार : जालन्याच्या ख्रिस्ती इतिहासाच्या संदर्भात

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त मराठीत बहुधा धाकट्या मुलाची कथा म्हणून वाचला जातो. त्यातील पश्चात्ताप आणि क्षमा आपल्या 'पतितपावन' या कल्पनेशी सहज जुळतात, हे त्याचे एक कारण असावे. दृष्टान्ताचा उत्तरार्ध मात्र थोरल्या मुलाचा आहे. तो शेतावरून परततो, घरातील उत्सव ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो. दुसऱ्यावर झालेली दया त्याला स्वतःचा अवमान वाटते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांची तक्रारही याच जातीची आहे. सकाळपासून राबलेल्यांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळते. दिवस मावळताना आलेल्यांना तेवढीच मिळाली, हे त्यांना सोसत नाही.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या तक्रारीला जातिव्यवस्थेचा आधार मिळाला. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयास गेला होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. मुलगा परतला, पण घर म्हणजे जात, आणि जातीचे दार बंद होते. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घेण्याचा पक्ष मांडला. सनातन्यांनी त्यांना कडवा विरोध केला. दृष्टान्तातील पित्याचे काम येथे एका सुधारकाने पत्करले आणि थोरल्या भावाची भूमिका समाजातील एका मोठ्या वर्गाने.

पुढे रेव्हरंड झालेल्या नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यातील जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. १७२५ मध्ये उभारलेल्या मस्तगड किल्ल्याच्या या गावाजवळ, सालारजंगांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर, त्यांनी 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत वसविली. तेथे आलेल्यांत मांग समाजातील कुटुंबे प्रामुख्याने होती.

येथे प्रश्न उलटतो. ब्राह्मण धर्मांतरिताने घर, आप्त, जात असे मोठे मोल मोजलेले असे. अस्पृश्य धर्मांतरितांविषयी मात्र, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांत, ते पोटासाठी आले असा आक्षेप घेतला जाई. तो मिशनच्या वर्तुळातही उमटे. श्रद्धेची किंमत त्यागाच्या मापाने ठरवली की कृपा मजुरी होते, आणि मजुरी म्हटली की दुसऱ्याच्या पदरात किती पडले हे पाहणे आलेच. शिवाय हे माप लावणारा एक गोष्ट विसरतो. दिवसभराचे ऊन प्रत्यक्षात कोणी सोसले होते? गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला मांग चर्चमध्ये उशिरा आला असेल. मळ्यात तो पहाटेपासूनच होता. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात पहिले आणि शेवटचे यांची ओळख निश्चित आहे. जालन्याच्या इतिहासात तीच संशयास्पद ठरते.

या तक्रारीला मराठी परंपरेत पूर्वपीठिका आहे. जालन्याच्या नैर्ऋत्येस, गोदातीरावरील पैठणला एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढले म्हणून ब्रह्मवृंद रुसला, अशी कथा संतचरित्रांत येते. तेथे पितर स्वतः जेवावयास येतात आणि चमत्कारच निवाडा करतो. शिवाय अभंगांतील 'मी' बहुधा पतिताचाच असल्याने दुसऱ्यावरील कृपेने दुखावलेल्या भक्ताचे मन आतून उकलण्याचे प्रसंग त्यांत विरळ आहेत. शुभवर्तमान त्या दुखावलेल्या मनाला बोलू देते आणि निवाडा टाळते. थोरला मुलगा अखेर आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

या अपुरेपणातच दृष्टान्ताचा रोख आहे, असे मला वाटते. धाकट्यासाठी धावलेला पिता थोरल्याची समजूत घालण्यासाठीही बाहेर येतो. म्हणजे दयेचा हेवा करणाराही दयेच्या कक्षेबाहेर नाही. 'बेथेल' या शब्दाचा अर्थ देवाचे घर. शेजारी कोण बसला आहे हे पाहून त्या घराचा उंबरा ओलांडायचा की नाही हे ठरवणारा वाचक, दृष्टान्त संपला तरी, थोरल्या भावाबरोबर अंगणातच उभा असतो.