स्टेशनजवळ खोली मिळेल का?

वर्धा शहर त्याच्या रेल्वे स्टेशनपेक्षा फारसं जुनं नाही. 1862 साली नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. 1866 मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी आणलं आणि तिथं नवं शहर आखलं. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. नंतर हिंगणघाटकडे फाटा फुटला आणि वर्धा जंक्शन झालं. कापसाचे व्यापारी, कारकून, वकील, रेल्वेचे कामगार असे कितीतरी लोक बाहेरून आले. म्हणजे इथल्या बऱ्याच घरमालकांचे आजे-पणजेही एकेकाळी स्टेशनवर उतरून निवारा शोधत होते.

गाडीत चढताना तिकीट लागतं, खोली बघायला गेल्यावर आडनाव लागतं. हा प्रश्न काही वर्ध्यापुरता नाही. 1917 मध्ये परदेशात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. रात्रीच्या गाडीनं ते मुंबईला परतले.

पुढे 1928 मध्ये वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. देवळाचं दार असं एका दिवशी, सगळ्यांदेखत उघडता येतं. भाड्याच्या खोलीचं दार मात्र दर नव्या माणसासाठी पुन्हा उघडावं लागतं. 1950 च्या राज्यघटनेत कलम 15 आलं. जातीवरून कुणाला अडवायचं नाही, अशा जागांत दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी यांची नावं आहेत. खासगी भाड्याच्या घराचं नाव त्या यादीत नाही.

त्याच सुमारास विदर्भात एक वेगळाच कायदा होता. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या 1949 च्या घरभाडे नियंत्रण आदेशानुसार घर रिकामं होणार असेल तर मालकानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. मग ते घर सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला द्या, असा हुकूम जिल्हाधिकारी काढू शकत. अशा वेळी भाडेकरू कोण, हे मालकाच्या आवडीवर राहत नसे. त्याला घालवायची नोटीस द्यायलाही आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे.

31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि तो जुना आदेश गेला. नव्या कायद्याचं कलम 55 खोली शोधणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. भाडेकरार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झालाच, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.

हे संरक्षण मोठं आहे, पण ते करारापासून सुरू होतं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात किंवा हिंदी विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलाला पूर्ण नाव सांगताच "खोली कालच गेली" असं ऐकावं लागलं, तर त्याच्या हातात दाखवायला एकही कागद नसतो.