परमिट रूमची मांडणी

परमिट रूमची मांडणी : दारात पाऊल ठेवल्यापासून बिल चुकते करून बाहेर पडेपर्यंत गिऱ्हाईक ज्या वाटेने जाते ती वाट आणि वेटर, बर्फ, बाटल्या, उष्टे ग्लास यांच्या वाटा एकमेकींत अडकू नयेत, अशा बेताने काउंटर, टेबले, भटारखाना, गल्ला, स्वच्छतागृह आणि दारे यांच्या जागा ठरवणे. बारला महाराष्ट्रात ‘परमिट रूम’ म्हणतात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपानासाठी परवाना लागू केला, त्यातून हे नाव रुळले.

जागा छोटी की मोठी यापेक्षा गिऱ्हाईक कसे येते, हे आधी पाहावे लागते. कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावासारख्या ठिकाणी ते थेंबाथेंबाने येत नाही, लोंढ्याने येते. मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या या स्थानकात लोकल रिकामी झाली की रस्ता एकदम भरतो. शनिवार-रविवारी त्यात फार्महाउसकडे निघालेल्या गाड्यांची आणि पावसाळ्यात डोंगर उतरून आलेल्या ट्रेकर मंडळींची भर पडते. अशा गावात सरासरी गर्दी धरून आखलेला हॉल आठवड्यातले पाच दिवस ओसाड वाटतो आणि उरलेल्या दोन दिवशी तुंबतो.

लोंढा कसा हाताळावा याचा उत्तम धडा कर्जतच्या फलाटावरच आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात. त्या थोड्या मिनिटांत अख्ख्या गाडीला बटाटेवडे पुरवायचे, तर एका खिडकीपुढे रांग लावून भागत नाही. वडे आधीच बांधून तयार ठेवतात आणि विक्रेते ते घेऊन डब्याडब्याशी जातात. माल तयार असतो आणि विक्री एका ठिकाणी न होता गाडीच्या लांबीभर पसरते. बारच्या काउंटरलाही हेच लागू पडते. त्याच्या उंची लाकडापेक्षा त्यावर एका वेळी किती जणांना माल देता येतो, हे महत्त्वाचे.

मात्र इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. गोव्याच्या जुन्या तावेर्नात गिऱ्हाईक स्वतः काउंटरशी उभे राहून फेणी घेते, त्यामुळे काउंटर दारासमोर असणे सोयीचे. देशी दारूच्या बारमध्येही पुष्कळदा आधी पैसे, मग ग्लास असा क्रम असतो आणि बरेच जण उभ्यानेच पिऊन निघतात. परमिट रूममध्ये गिऱ्हाईक टेबलाशी बसते आणि काउंटरशी येतो तो वेटर. विलायती मासिकातला देखणा काउंटर दारातच मांडला, की आत येणारी मंडळी वेटरांच्या वाटेत उभी राहतात. परमिट रूममध्ये काउंटर भटारखान्याच्या अंगाला असलेला बरा. पेग, सोडा आणि चखणा वेटरला एकाच फेरीत उचलता यावा.

मापे साधी आहेत. उभ्याने टेकायच्या काउंटरची उंची साडेतीन फुटांच्या आसपास, स्टुलाची अडीच फूट आणि माणशी दोन फूट लांबी. काउंटरमागे दोघांना एकमेकांना ओलांडता यावे म्हणून किमान तीन फूट. टेबलांमधली वाट मोजताना खुर्च्या आत सरकवून मोजणे ही नेहमीची चूक. माणूस बसला की खुर्ची दीड फूट मागे येते आणि नकाशावरची चार फुटांची वाट अडीच फुटांवर येते. ट्रे घेतलेल्या वेटरला ती पुरत नाही.

सर्वांत दुर्लक्षित वाट स्वच्छतागृहाची. ती काउंटरसमोरून किंवा फॅमिली रूममधून काढली, की रात्रभर अवघडलेपण आणि धक्काबुक्की. दारातली जागाही मोकळी हवी. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. वयाचा पुरावा उंबरठ्यावरच पाहिला, तर मागच्यांची रांग रस्त्यावर जाते. कर्जतच्या पावसात छत्र्या आणि रेनकोट निथळायला दाराआधी पडवी असावी. ओल्या लादीवर वेटर घसरतो, तेव्हा उत्तम आखणीही निकामी होते.

मांडणी मालकाच्या मर्जीने वाटेल तेव्हा बदलता येत नाही. मद्य देण्याची जागा राज्य उत्पादन शुल्क विभागाने मंजूर केलेल्या नकाशात दाखवलेली असते. कायद्याने वाटांना दिलेल्या वळणांचे अजब उदाहरण केरळात घडले. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली मद्यविक्री सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ च्या आदेशाने रोखली. तेव्हा उत्तर परवूर येथील एका बारने चालत जायचे अंतर वाढावे म्हणून दारापुढे वळणावळणांची भिंतीबंद वाट उभारली. अंतर कागदावर भरले, पण आग लागली असती तर त्या चक्रव्यूहातून माणसे बाहेर कशी पडली असती, हा प्रश्न कुणालाही पडावा.

कारण बाहेर पडण्याची वाट ही या विषयातली जिवावरची बाब आहे. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबला आग लागली. मुख्य प्रवेशाचे फिरते दार गर्दीने अडकले, काही दारे कुलूपबंद होती. ४९२ माणसे गेली. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या गच्चीवरच्या आगीत १४ जणांचा बळी गेला. बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. घाबरलेला माणूस ओळखीच्या दाराकडे धावतो. म्हणून दुसरे दार रोज वापरात असावे, बाहेरच्या बाजूला उघडावे आणि त्यापुढे बिअरच्या पेट्या कधीही रचू नयेत.

भिसेगावसारख्या स्थानकालगतच्या गावात परतीच्या लोकलची वेळ जवळ आली, की पाच-सहा टेबले एकदम बिल मागतात. गल्ला दाराजवळच हवा, पण वाटेच्या एका अंगाला. सुट्ट्यासाठी थांबलेल्या माणसामागून गाडी गाठणाऱ्याला सरळ निघून जाता आले पाहिजे.