दमाम आणि सिद्दींचे समूहगान

उणकल म्हटले की आता तळ्यासोबत गंगूबाई हनगल यांच्या नावाचे गुरुकुलही आठवते. गुरूपुढे एकट्याने बसावे, एकट्याच्या गळ्याने राग उलगडावा, ही या मुलुखाची गानरीत. परंतु याच हुबळीहून कलघटगीवरून यल्लापूरकडे निघालेला रस्ता रानात शिरला की गाण्याची दुसरीच रीत भेटते. तेथे एकटा कोणी गात नाही.

ही वस्ती सिद्दींची. पोर्तुगीजांनी यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना मोझांबिकच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गोव्यात आणले. त्यांतील कित्येक घाट ओलांडून पळाले आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलांत दडले. पोर्तुगालने गुलामांचा व्यापार १८३६ साली हुकुमाने बंद केला. पण रानात आलेले परत कोठे जाणार? आज त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरची बोली कोकणीच्या वळणाची, मराठी-कानडी मिसळलेली. आफ्रिकेची भाषा विसरली गेली. राहिला तो ढोल, दमाम.

लाकडाचे खोड पोखरून त्याच्या तोंडांना कातडे ताणलेले हे वाद्य. नावावरून मात्र कूळ ठरवू नये. दमामा हा शब्द फारसीतून आला आणि मराठीलाही जुना परिचित आहे. आफ्रिकेची खूण नावात नसून वापरात आहे. गुजरातेत रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यापाशी सिद्दी आपल्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. हा पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली ‘न्गोमा’. त्याचा अर्थ ढोल, नाच आणि त्यासाठी जमलेला मेळावा, असा तिन्ही मिळून होतो. यल्लापूरच्या रानात हा शब्द नसेना का, दमामावर थाप पडली की बायका-पुरुष भोवती जमतात, एकाने ओळ उचलावी आणि बाकीच्यांनी झेलावी असे गाणे सुरू होते. वाजवणारा, गाणारा आणि ऐकणारा असे तीन वर्ग तेथे पडतच नाहीत.

आफ्रिकी ढोलावर उभे राहिलेले एक समूहगान जगाने १९५८ साली ऐकले. बेल्जियन काँगोतील कामिना येथे फादर गुइडो हाझेन यांनी मुलांच्या वृंदाकडून ‘मिसा लुबा’ गाऊन घेतले. शब्द लॅटिन प्रार्थनेचे, चाली आणि ढोल काँगोचे; आणि चालींचा बराचसा भाग मुलांनी गाता गाताच रचलेला. त्यातील एक भाग १९६८ सालच्या एका इंग्रजी चित्रपटातही वाजला. फादरांचे नाव सर्वत्र झाले. मुलांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

मला खटकते ते हेच. दमामावरून नवे समूहगान बांधण्याची कल्पना धारवाड-हुबळीच्या एखाद्या संगीतकाराला सुचली तर ती स्वागतार्ह आहे. पण ढोल तेवढा उचलून मंचावर आणला आणि सिद्दी रानातच राहिले, तर तो दमाम नव्हे. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत स्थान मिळाले २००३ साली. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतील सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. मंचावर येण्यासाठी त्यांना तितके थांबवू नये. तो वृंद त्यांच्याच गळ्यांचा असावा आणि पत्रिकेवर पहिले नाव दमाम वाजवणाऱ्याचे छापावे.