दयेलाही पाळी लावावी लागते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेल्या वाडगाभर सूपालाही इतिहास असतो. आज मी तोच सांगणार आहे. तो फ्रान्समधला आहे आणि चारशे वर्षांहून जुना आहे.

कॅथलिक धर्मशिक्षणात मुलांना चौदा दयाकृत्ये शिकवतात. त्यांतली सात शरीरासाठी : भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र आणि बेघराला आसरा देणे, आजाऱ्याची व कैद्याची भेट घेणे, मृताला माती देणे. दुसरी सात मनासाठी आहेत. दुःखिताचे सांत्वन करणे, अपराध पोटात घालणे, अज्ञान्याला शिकवणे ही त्यांपैकी काही. शरीरासाठीच्या सातांपैकी पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातून आली. मृताला माती देण्याचे सातवे कृत्य पुढे त्यांत मिळवले गेले. यादी पाठ करणे सोपे आहे. ती रोजच्या रोज, न थकता पाळायची कशी, हा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर व्हिन्सेंट डी पॉल या धर्मगुरूला सापडले.

१६१७ सालच्या ऑगस्टमधला एक रविवार. लिऑन शहराच्या उत्तरेला शातियों नावाचे लहान गाव. व्हिन्सेंट तिथे नुकताच धर्मगुरू म्हणून आला होता. शेतकऱ्याचा मुलगा, वय छत्तीसच्या आसपास. मिस्सेच्या तयारीत असताना त्याला कोणी तरी निरोप दिला : गावाबाहेरच्या एका घरात सगळी माणसे आजारी पडली आहेत, पाणी द्यायलाही कोणी उभे नाही. त्याने प्रवचनात ही गोष्ट कळवळून सांगितली. दुपारनंतर तो स्वतः तिकडे निघाला, तर वाटेवर बायकांची रीघ लागलेली! कोणी जात होत्या, कोणी परतत होत्या. उन्हाने दमून काही जणी रस्त्याकडेला टेकल्या होत्या. प्रत्येकीने काही ना काही नेले होते.

दुसरा कोणी असता तर गावाच्या चांगुलपणावर खूश होऊन घरी गेला असता. व्हिन्सेंटच्या मनात वेगळेच आले. आज एवढे अन्न आले, त्यातले बरेचसे नासून जाईल आणि परवा ही माणसे पुन्हा उपाशीच राहतील. दया भरपूर होती, पण तिला घडी बसवलेली नव्हती.

काही दिवसांतच त्याने गावातल्या बायकांना एकत्र केले आणि त्यांचे एक मंडळ उभे केले. प्रत्येकीने आपल्या पाळीच्या दिवशी स्वयंपाक करायचा आणि आजाऱ्यांना नेऊन द्यायचा. पैशाचा हिशेब ठेवायचा. या मंडळाची नियमावली मला धर्मग्रंथापेक्षा एखाद्या अनुभवी आजीच्या सूचनांसारखी वाटते. आजाऱ्याशी हसून बोला, त्याचे हात धुऊन द्या, मांसाचे बारीक तुकडे करून द्या, गोडीगुलाबीने भरवा. आणि एक सूचना तर मी कधी विसरणार नाही : ज्याच्याजवळ घरचे माणूस आहे त्याच्याकडे आधी जा, जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जा. म्हणजे त्याच्याजवळ जरा जास्त वेळ बसता येईल.

पुढे अशी मंडळे पॅरिसमध्येही निघाली. तिथे नवी अडचण आली. सरदार घराण्यांतल्या स्त्रिया पैसे सढळ हाताने देत, पण गल्लीबोळांतल्या अंधाऱ्या खोल्यांत सूप घेऊन जायची वेळ आली की मोलकरणीला पाठवत. देणे चालू राहिले, जाणे बंद पडले. वाट दाखवली ती मार्गारीट नासो या गुराखी मुलीने. तिने येणाऱ्याजाणाऱ्याला अक्षरे विचारत वाचायला शिकून घेतले होते आणि इतर मुलींनाही ती शिकवत असे. आजाऱ्यांची सेवा करायला ती आपणहून पुढे आली. १६३३ साली प्लेगच्या एका रोगी बाईला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली आणि त्यातच तिचा अंत झाला. त्याच वर्षीच्या २९ नोव्हेंबरला लुईज द मारिलाक या विधवा बाईंनी अशाच काही खेडवळ मुलींना आपल्या घरी ठेवून घेतले. ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संस्थेची ती सुरुवात.

त्या काळी धर्मभगिनी म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी स्त्री, असा चर्चचा दंडक होता. व्हिन्सेंटने मुलींना बजावले, तुम्ही स्वतःला संन्यासिनी म्हणवूच नका. आजाऱ्यांची घरे हाच तुमचा मठ आणि शहराचे रस्ते हेच तुमचे आवार. आजही या भगिनी आपले व्रत जन्मभरासाठी न घेता दर वर्षी नव्याने घेतात.

पण घडी बसवण्याच्या वेडाला दुसरीही बाजू असते. १६५६ साली राजाज्ञेने पॅरिसमध्ये ‘जनरल हॉस्पिटल’ स्थापन झाले. नाव इस्पितळाचे, पण भिकाऱ्यांना धरून आणून कोंडण्याची ती व्यवस्था होती. व्हिन्सेंटला ही जबरदस्ती पटली नाही. तिथे आपल्या संस्थेचे धर्मगुरू नेमण्याची जबाबदारी आली, तेव्हा त्याने नकार दिला. मला तो नकार फार मोलाचा वाटतो. पाळी लावायची ती देणाऱ्याला. घेणाऱ्याला कोंडायचे नाही, हा फरक त्याला कळत होता. १६६० साली लुईज आणि व्हिन्सेंट दोघेही वारले.

पुढे १८३३ साली पॅरिसमध्येच फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह व्हिन्सेंटच्या नावाने एक सोसायटी काढली. तुम्ही ख्रिस्ती लोक आज गरिबांसाठी काय करता, असा टोमणा त्यांना बसला होता. त्यांना गरिबांच्या घरांचे दरवाजे दाखवले ते याच संस्थेच्या सिस्टर रोझाली यांनी. मुंबई, वसई आणि गोव्याच्या चर्चमध्ये आज ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ची मंडळी दिसतात. गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जाऊन भेटणे हे त्यांचे मुख्य काम.

आपल्याकडे महापूर आला, भूकंप झाला की मदतीचा लोंढा येतो. जुन्या कपड्यांचे ढीग पडतात, आणि महिन्याभराने तिकडे कोणी फिरकत नाही. माणसे वाईट असतात म्हणून हे घडत नाही. दुसऱ्या दिवशी कोणी जायचे हे ठरलेले नसते, म्हणून घडते. तुमच्या गल्लीत, इमारतीत एखादे म्हातारे माणूस एकटे राहत असेल, तर चार घरांनी मिळून वार वाटून घ्यावेत. आणि ज्याच्याकडे कोणीच येत नाही, त्याच्याकडे शेवटी जावे. म्हणजे उठायची घाई राहणार नाही.