दोन पंचांगांचा जिल्हा

बीड जिल्ह्यातील सण-जत्रांची यादी करायला बसलो, तेव्हा रिवाजाप्रमाणे चैत्रापासून सुरुवात केली. अर्ध्यावर लक्षात आले, की इथल्या निम्म्या गावांचे वर्ष दसऱ्याला उलटते.

छापील पंचांगातल्या दोन मोठ्या यात्रा थंडीत येतात. अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी ते पौर्णिमा. परळीला वैजनाथाची महाशिवरात्र. दुसरे पंचांग साखर कारखान्याचे. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा राहिला, पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाढत गेला आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून तोडीला जाणाऱ्यांची रीघ लागली. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली असते. सोने लुटून झाले की बैलगाड्या, ट्रक भरू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळी कोपीत. गावात उरतात म्हातारी माणसे.

म्हणून जिल्ह्याच्या वेशीवरच्या भगवानगडाचा दसरा मला निरोपाचाही वाटतो. भगवानबाबांच्या (१८९६–१९६५) भक्तांत तोडीला जाणारे पुष्कळ. पट्टा पडला की पाडव्याच्या आगेमागे माणसे परततात. मग लग्ने, गावजत्रा, पुढे नागपंचमी आणि पोळा. थंडीतल्या यात्रांना मुकलेले घर या महिन्यांत भरते.

यादीत आता प्रत्येक उत्सवापुढे मी एक रकाना वाढवला आहे: त्या दिवशी गाव कुठे असते? मार्गशीर्ष पौर्णिमेपुढे डोंगरपट्ट्यातील कितीतरी गावांसाठी उत्तर एकच येते. फडावर.