कमी बजेटमध्ये गेमिंग मॉनिटर कसा निवडायचा? आधी पीसी बघा, मग मॉनिटर

दिवाळीच्या आधी माझ्या मामेभावाचा मेसेज आला, "दादा, बारा हजारांत गेमिंग मॉनिटर कोणता घेऊ?" खाली सात लिंक. एक २७ इंची कर्व्ह्ड, एक २४० हर्ट्झचा, एकावर मोठ्या अक्षरांत '१ एमएस' आणि 'एचडीआर'. पैसे त्याचे स्वतःचे होते, सुट्टीत मेडिकल स्टोअरमध्ये काम करून साठवलेले. चुकीचा मॉनिटर घेतला असता तर पुढची चार-पाच वर्षं तोच समोर राहिला असता. म्हणून मी एकही लिंक न उघडता उलट विचारलं, "तुझ्या पीसीत ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे? आणि तू खेळतोस काय?"

मॉनिटर घेताना बहुतेक जण हा प्रश्न सोडूनच देतात. मित्रांनो, मॉनिटर स्वतः चित्र तयार करत नाही, पीसीने पाठवलेलं चित्र फक्त दाखवतो. पीसी सेकंदाला ६० चित्रं बनवत असेल तर १८० हर्ट्झचा मॉनिटर बाकीच्या वेळात तीच चित्रं पुन्हा पुन्हा दाखवतो.

हर्ट्झ म्हणजे नेमकं काय?

तुमच्यापैकी अनेकांच्या फोनची स्क्रीन ९० किंवा १२० हर्ट्झची असेल, त्यामुळे स्क्रोल करताना पडणारा फरक तुम्हाला माहीत आहे. इथेही तेच. ६० हर्ट्झवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहतं, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात तर जवळजवळ १० मिलिसेकंदांचा फायदा, आणि तिथून २४० वर गेलात तर जेमतेम पावणेतीनचा. पहिली उडी डोळ्यांना लगेच कळते. दुसरीसाठी पैसे जास्त लागतात आणि तगडा पीसीही लागतो. त्यामुळे बजेट कमी असेल तर २४० विसरा.

तुमचा पीसी किती एफपीएस देतो ते बघायला गेममधला किंवा स्टीमचा एफपीएस काउंटर चालू करा आणि एक खरी मॅच खेळा. मेनूमध्ये दिसणारा आकडा धरू नका. पाच जण एकदम समोर आले, स्मोक पडला की आकडा कुठे घसरतो ते बघा. भावाकडे रायझन ५ ५६००जी होता, वेगळं कार्ड नाही. व्हॅलोरंट हलका गेम आहे, तो कमी सेटिंगवर १०० च्या वर जायचा. जीटीए ५ मात्र साठच्या आसपास. वर त्याच्याकडे रॅमची एकच ८ जीबीची स्टिक! प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमवरच चालतात, त्यामुळे तशीच दुसरी स्टिक टाकून ड्युअल चॅनल केलं की एफपीएस चांगलेच वाढतात. म्हणून बारा हजारांतून रॅमचे पैसे मी आधीच बाजूला काढायला लावले.

२४ इंच की २७?

२७ इंची मॉनिटर दुकानात भारी दिसतो, कारण तिथे आपण चार पावलं लांब उभे असतो. घरी टेबल दोन फुटांचं. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल. तेवढे पिक्सेल २४ इंचांत बसवले तर दर इंचाला सुमारे ९२ येतात, २७ इंचांत ८२. फोनवर ४०० च्या आसपास बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हा फरक खटकतो, विशेषतः अक्षरांत. कॉलेजचे प्रोजेक्ट त्याच स्क्रीनवर करायचे असतील तर जास्तच. २७ इंच घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या. पण मग पीसीला जवळजवळ पावणेदोन पट पिक्सेल रंगवावे लागतात आणि एफपीएस पडतात. साध्या पीसीसाठी २४ इंच फुल एचडी हेच माझं उत्तर.

पॅनल कोणता ते नीट वाचा

या बजेटमध्ये मुख्यतः आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार मिळतात. व्हीएचा काळा रंग खरंच काळा दिसतो, त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ असतो, तर आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. रात्री लाइट बंद करून सिनेमा बघायला व्हीए छान. पण स्वस्त व्हीए पॅनलमध्ये काळ्या रंगाचे पिक्सेल बदलायला वेळ लावतात. अंधाऱ्या कोपऱ्यातून कोणी पळत गेलं की त्याच्यामागे शाईसारखा काळा डाग ओढला जातो. माझ्या मित्राकडे असा मॉनिटर आहे. सुरुवातीला त्याला वाटायचं आपलं नेटच स्लो आहे. शूटर गेम खेळणाऱ्यांनी सरळ आयपीएस घ्यावा. त्याचा काळा रंग अंधारात करडा दिसतो, तेवढं चालवून घ्यायचं. टीएन पॅनल जुना झाला, जरा बाजूला सरकलं की रंग बदलतात. नकोच.

नुसत्या नावावर जाऊ नका. सॅमसंगच्या ओडिसी या एकाच नावाखाली व्हीए, आयपीएस आणि ओएलईडी, सगळे मिळतात. पूर्ण मॉडेल नंबर टाकून स्पेसिफिकेशन शोधा.

आता बॉक्सवरचं '१ एमएस'. हा सहसा सगळ्यात चांगल्या परिस्थितीतला आकडा असतो. शेजारी एमपीआरटी लिहिलेलं असेल तर तो मागचा लाइट झपाझप बंद-चालू करून मिळवलेला असतो. तो मोड लावला की स्क्रीन अंधूक होते आणि बहुतेक मॉनिटरवर फ्रीसिंक बंद पडतं. एचडीआरचंही तसंच. २५० ते ३०० निट्सचा मॉनिटर एचडीआर सिग्नल घेतो, पण तेवढा उजेड त्याच्याकडे नसतो. यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

फ्रीसिंक मात्र हवंच. पीसी कधी ७० एफपीएस देतो, कधी ११०. मॉनिटर आपल्याच तालात चालला तर चित्र मधेच फाटल्यासारखं दिसतं. फ्रीसिंकमुळे मॉनिटर पीसीच्या तालावर चालतो. हे एएमडीचं असलं तरी जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० सिरीज आणि त्यानंतरची कार्डंही असे मॉनिटर चालवतात. त्यासाठी शक्यतो डिस्प्लेपोर्ट केबल वापरा.

माझे वाया गेलेले चार महिने

माझा पहिला १४४ हर्ट्झचा मॉनिटर मी लॅमिंग्टन रोडवरून घेतला. ग्रँट रोडला लोकल पकडून तो खोका कल्याणपर्यंत मांडीवर आणला. घरी आल्यावर घाई इतकी, की सेट टॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय केबल लावली आणि खेळायला बसलो. पुढचे चार महिने सगळ्यांना सांगत होतो, "१४४ म्हणजे लोण्यासारखं चालतं." मग एक मित्र आला, माऊस दोनदा हलवला आणि म्हणाला, "अरे, हे साठच आहे." खरंच साठच होतं. विंडोजने स्वतःहून ६० लावलं होतं, आणि डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात थर्माकोलखाली तशीच पडलेली.

म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथून डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट स्वतः निवडा. पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावा, मदरबोर्डला नाही. खरेदीच्या आधी पोर्टही बघा. एचडीएमआय १.४ फुल एचडीवर १२० हर्ट्झपर्यंत पुरतं, त्यापुढे डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.० लागतं. भावाच्या मदरबोर्डला डिस्प्लेपोर्ट नव्हताच, एचडीएमआय होतं तेही १.४.

यावर आमची थोडी वादावादी झाली. २४ इंची आयपीएस १०० हर्ट्झचा मॉनिटर सात-आठ हजारांत मिळत होता, १८० चा दहाच्या आसपास. मी म्हटलं, १०० चा घे, उरलेले पैसे कार्डसाठी ठेव. तो म्हणाला, "दादा, कार्ड पुढच्या वर्षी घेणारच आहे, मॉनिटर परत घेणार नाही." पुढच्या वर्षी सगळेच घेणार असतात. पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कार्ड खरंच येणार असेल तर दोन-अडीच हजार जास्त देण्यात अर्थ आहे, नसेल तर १०० हर्ट्झवर मजेत खेळता येतं.

ऑनलाइन घेतलात तर खोका उघडताना व्हिडिओ काढा. पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं चित्र लावून डेड पिक्सेल तपासा. एखाद-दुसऱ्या पिक्सेलसाठी अनेक कंपन्या वॉरंटीत बदलून देत नाहीत, त्यामुळे परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका. स्वस्त स्टँडची उंची बदलत नाही. मागे १०० बाय १०० मिमीचं व्हेसा माउंट असेल तर नंतर आर्म लावता येतो, तोवर खाली दोन जाड पुस्तकं. बऱ्याच मॉनिटरला स्पीकर नसतात, हेडफोन तयार ठेवा. आणि फोन जोडून बीजीएमआय खेळायचा बेत असेल तर आधी फोनच्या टाइप-सी पोर्टमधून डिस्प्ले बाहेर जातो का ते बघा. स्वस्त फोनमध्ये सहसा जात नाही.

भावाने शेवटी १८० हर्ट्झचाच घेतला, सोबत रॅमची दुसरी स्टिक. मॉनिटर आला त्या रात्री मला वाटलं गेमचा फोटो येईल. आला तो ॲडव्हान्स्ड डिस्प्लेचा स्क्रीनशॉट: १२० हर्ट्झ. खाली लिहिलं होतं, "सध्या एवढंच जातंय. कार्ड आलं की बघू."